परभणीचें अंगण : तुळस कीं हिरवळ?

परभणीचें नांव निघालें कीं दोन म्हणी हटकून निघतात. "जगांत जर्मनी आणि भारतांत परभणी" ही एक. ती परभणीकर अर्ध्या अभिमानानें आणि अर्ध्या विनोदानें म्हणतो. दुसरी निजामी अंमलांतली, "बनी तो बनी, नहीं तो परभणी". जमलें तर उत्तम, नाहींच जमलें तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ. पहिलींत ऐट आहे, दुसरींत निरुपाय आहे. पुण्यामुंबईच्या वाचकांस या जिल्ह्याची ओळख बहुधा या दोन म्हणींपलीकडे नसते, आणि आगगाडीच्या खिडकींतून पाहणाऱ्यास ती वाढवावीशी वाटेल असें त्याचें बाह्य रूपही नाहीं. डोंगर म्हणावे तर ते उत्तरेस जिंतुराकडे. बाकी चहूंकडे सपाट काळी जमीन, तींत कापूस, तूर, सोयाबीन, आणि मधून वाहणाऱ्या गोदावरी, पूर्णा व दुधना या तीन नद्या. परंतु मातीचा विचार करावयास लावणारा असा दुसरा जिल्हा आमच्या पाहण्यांत नाहीं. आणि आमची खेप तर जमिनीच्या वादासाठींच होती. वाद एकरांचा नव्हता. वीस फूट रुंद आणि तीस फूट लांब अशा अंगणाचा होता.

आमच्या दिवंगत वडील बंधूंचे चिरंजीव नोकरीनिमित्त परभणीस असतात. शहराच्या कडेला त्यांनीं घर बांधलें आणि घरापुढें वर सांगितलेल्या मापाची मोकळी जागा सुटली. तिचें काय करावें यावरून घरांत दोन पक्ष झाले. पुतण्या आणि सूनबाई यांच्या मनांत तेथें सबंध हिरवळ करावयाची होती. मोबाइलवर पाहिलेलीं तशीं अंगणें त्यांनीं आम्हांसही दाखविलीं, आणि तीं देखणीं होतीं हें म्हटलें पाहिजे. वहिनींना मध्यें तुळशीवृंदावन, भोंवतीं चोपलेली स्वच्छ जमीन आणि तीवर रोजची रांगोळी एवढेंच हवें होतें. आश्विन संपतां संपतां त्यांचा फोन आला. "भाऊजी, तुळशीच्या लग्नाला तुम्ही याच. मुलें माझ्याशीं वाद घालीत नाहींत, नुसतीं गप्प बसतात. त्यापेक्षां वाद परवडला."

वहिनींच्या आग्रहाला आणखी एक धागा होता. आमचा जुना वाडा गंगाखेडच्या वरच्या अंगाला, गोदाकांठच्या एका खेड्यांत होता. भाऊ गेल्यावर तो विकला. वाड्याच्या चौकांत आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचें काळ्या दगडाचें वृंदावन होतें. तें विक्रीच्या कागदांत आलें नव्हतें आणि वाड्यांतून निघालेंही नव्हतें. घेणाऱ्यांनीं "केव्हांही न्या" म्हणून सांगून ठेवलें होतें. नव्या घरीं सगळी हिरवळ झाली तर तें वृंदावन आणून ठेवावयाचें कोठें, हा वहिनींचा खरा प्रश्न होता. आणि तो त्या मुलांपाशीं बोलल्या नव्हत्या.

मनमाडहून निघालेली गाडी जालना आणि परतूर मागें टाकून सेलूच्या बाजूस आली म्हणजे प्रवाशानें वर्तमानपत्र मिटून मातीकडे पाहत बसावें. हा लोहमार्ग निजाम सरकारच्या काळीं, १९०० सालच्या सुमारास झाला. सेलू आणि मानवत या कापसाच्या जुन्या पेठा याच वाटेवरच्या. कार्तिकांत कपाशीचीं बोंडें उमललेलीं असतात, तुरीला पिवळा फुलोरा येऊं लागलेला असतो, आणि मोकळ्या झालेल्या रानांत रब्बीच्या ज्वारीचे कोंब नुकते वर आलेले असतात. काळ्या पाटीवर रंगीत खडूनें काढावें तसें तें दिसतें. आमच्या हाताला खडूची संवय चाळीस वर्षांची, म्हणून आम्हांस ही उपमा सुचली असावी.

ही माती म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनवर पसरलेल्या लाव्हारसाच्या काळ्या दगडाची झीज आहे. तिच्यांतल्या चिकणमातीचा गुण असा कीं पाणी मिळालें म्हणजे ती फुगते, आणि सुकली म्हणजे आकसते. पावसाळ्यांत तिच्यांत पाऊल टाकलें तर जोडा तेथेंच राहतो; वैशाखांत तिला मनगट सहज आंत जाईल एवढ्या भेगा पडतात. परभणीकडे नव्या घरांच्या भिंतींना तडे जातात ते या फुगण्या-आकसण्यानेंच. म्हणून जाणते गवंडी पायांतली काळी माती खोलवर काढून तेथें मुरूम भरतात. या मातींत चुन्याचा अंशही बराच. पाणी ती पुष्कळ धरून ठेवते, परंतु खालीं सोडीत नाहीं. ज्या झाडाला पायाशीं पाणी सांचलेलें चालत नाहीं त्याचा श्रावण येथें कठीण, आणि ज्याला रोज पाणी लागतें त्याचा वैशाख कठीण. आतां हिरवळ आणि तुळस या दोघींनाही याच मातींत उभें करून पाहूं.

आपल्याकडे हिरवळ करतात ती बहुधा हरळीची किंवा हरळीच्याच एखाद्या नाजूक बारीक जातीची. रोपवाटिकेंत तिचे चौकोन कापून विकतात आणि तिला "लॉन" म्हणतात, एवढाच फरक. हरळी म्हणजेच आपली दूर्वा. अमरकोशांत दूर्वेला शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनंता अशीं नांवें दिलीं आहेत. शतपर्विका म्हणजे शंभर पेऱ्यांची. जमिनीवर सरपटत जाणारा तिचा धुमारा प्रत्येक पेऱ्याशीं मूळ धरतो आणि तेथून नवा फांटा काढतो. जमिनीखालीं दुसरे पांढरे धुमारे असतात ते निराळेच. यजुर्वेदांत दूर्वेला उद्देशून जो मंत्र आहे त्यांतही तिच्या याच गुणाचा गौरव आहे. वंश वाढावा, खुंटूं नये, अशी इच्छा करणाऱ्यानें दूर्वा हातांत घ्यावी यांत औचित्य आहे. परंतु हाच गुण कापसाच्या रानांत गेला म्हणजे काय होतें तें शेतकऱ्यास विचारावें. तोडली तर एकीच्या दहा होतात. नांगराच्या फाळानें तिचे तुकडे रानभर पेरले जातात. १९७७ सालीं अमेरिकेंत जगांतील सर्वांत त्रासदायक तणांविषयीं एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांत पहिला मान लव्हाळ्यास आणि दुसरा हरळीस मिळालेला आहे. अनंता हें नांव ठेवणारा कोशकार शेतीही करीत असावा अशी आम्हांस शंका येते.

हिरवळीची आवड मात्र आपल्याकडे इंग्लंडांतून आली. तेथें बारा महिने थोडाथोडा पाऊस, ऊन मवाळ; गवत आपोआप हिरवें राहतें, माणसाला काम एवढेंच कीं तें कापावें. तें कापण्याचें यंत्र १८३० सालीं एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें केलें. कापडाच्या गिरणींत लोकरी कापडाचे वर आलेले तंतू छाटणारें यंत्र पाहून त्याला ती कल्पना सुचली. परभणींत काम उलटें. येथें गवत कापण्याचा प्रश्न नंतरचा, आधीं जगविण्याचा. आमचा पेशा मास्तराचा, तेव्हां पुतण्याला आम्हीं पाटी घेऊन बसविलें. वीस फूट गुणिले तीस फूट म्हणजे सहाशें चौरस फूट, सुमारें ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी घालावयाचें म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यांत हिरवळ हिरवी राखावयाची तर रोज पांच मिलिमीटर तरी हवें. म्हणजे रोज २८० लिटर. वीस लिटरच्या हंड्यानें चौदा हंडे. ज्या मुलखांत २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें गवताला चौदा हंडे रोज! पुतण्या कांहीं वेळ आंकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "काका, हा हिशेब मीं केला नव्हता."

सूनबाई मात्र हिशेबानें हटणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांचें म्हणणें आम्हांस वजनदार वाटलें. "काका, पावसाळ्यांत तुम्ही येथें नसतां. मुलें बाहेरून आलीं कीं पायांना चिखलाचे गोळे घेऊन येतात. आई म्हणतात तशी चोपलेली जमीन ठेवली तर आषाढांत तिचा राडा होतो. गवत असलें तर माती धरून ठेवतें." हें अगदीं खरें. जुन्या घरांचीं अंगणें शेणानें सारवलेलीं असत, त्यामागें रोजचे दोन बायांचे हात असत. नोकरीवर जाणाऱ्या सूनबाईंनीं तें करावें असें म्हणणें सोपें, करणें कठीण. शिवाय त्यांनीं हळूच एक मुद्दा असा काढला कीं भाद्रपदांत एकवीस दूर्वांच्या जुड्या बाजारांत विकत घ्याव्या लागतात, त्या दारांतच मिळतील. वहिनींनीं यावर उत्तर दिलें नाहीं, पण त्या हंसल्या. तुळस गणपतीला वाहत नाहींत आणि दूर्वा देवीला वाहत नाहींत, हा दंडक आमच्या वाचक भगिनींस ठाऊक आहेच. देवांनींही हीं दोन झाडें आपापसांत वांटून घेतलीं आहेत. मग सासूसुनांनीं वांटून घेतलीं तर बिघडलें काय?

तुळशीचें काम तसें थोडक्यांत भागतें, परंतु तीही वाटते तितकी सोशीक नाहीं. सकाळचा एक तांब्या पाणी तिला पुरतो; पण तें पाणी मुळांशीं तुंबून राहिलें कीं चारसहा दिवसांत ती मान टाकते. परभणीची काळी माती नेमकी तुंबविणारी. पौषांत येथील थंडी कांहीं वर्षीं ५ अंशांच्याही खालीं उतरते, तेव्हां तिचीं पानें काळवंडतात; वैशाखांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हां झळईनें शेंडे करपतात. मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहींत तर ती बी धरून म्हातारी होते. म्हणून ती अंगणांत कोठेंही टोंचून चालत नाहीं.

आणि येथें आम्हांस जुन्या माणसांच्या एका युक्तीचें कौतुक करावेंसें वाटतें. तुळस वृंदावनांत कां लावतात, जमिनींत कां नाहीं? पावित्र्य हें एक कारण आहेच. पाय लागूं नये, प्रदक्षिणा घालतां यावी. परंतु काळ्या मातीच्या मुलखांत वृंदावन म्हणजे पाण्याचा निचरा होणारी तीन हात उंच कुंडी आहे. खालची माती हवी तेवढी फुगो, सुको, भेगाळो; वर तुळशीचें आपलें निराळें शेत असतें. आमच्या वाड्यांतल्या वृंदावनाला तळाशीं बोटभर छिद्र होतें. लहानपणीं तें आम्हीं मुंग्यांचें दार समजत असूं. तें पाण्याचें दार होतें.

तुळशीचें लग्न द्वादशीस झालें. बाजारांतून आणलेलें रोप कुंडींत, ऊंस, चिंचा, आवळे, सगळें यथासांग. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी, पुतण्या आणि आम्ही गंगाखेडास निघालों. वाटेंत पोखर्णीचा नृसिंह लागतो. आषाढी वारीसाठीं शेगांवची गजानन महाराजांची पालखी परभणीवरून याच बाजूनें गंगाखेड करीत पंढरीला जाते, आणि पंढरीच्या वारींत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही असतात. वहिनी म्हणाल्या, "त्या बाया दीडदोनशें कोस तुळस डोक्यावर नेतात, आपल्याला दहाबारा कोस आणायची आहे." पुतण्यानें टेंपो आधींच ठरवून ठेवला होता, तो मागून येणार होता. मुलगा गप्प बसतो म्हणून आई रागावली होती, पण त्यानें जाजमें आणि दोरखंड कोणीं न सांगतां बरोबर घेतले होते, हें आम्हीं पाहिलें.

गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल लागतो. या भागांत तिला गोदावरी कोणी म्हणत नाहीं, "गंगा" म्हणतात. पाणी उतरलेलें होतें, आणि कांठाच्या वाळवंटांत पुरुषभर उंच गवताचे पांढरे तुरे वाऱ्यावर वांकत होते. संस्कृतांत ज्यास काश म्हणतात तें हें. शरद ऋतूचें वर्णन करतांना कालिदासानें ऋतुसंहारांत याच फुलांचें वस्त्र त्या ऋतूला नेसविलें आहे. कोणीं लावलें नाहीं, कोणीं पाणी घातलें नाहीं, आणि शोभेचें गवत म्हणून याहून शोभिवंत आम्हीं पाहिलेलें नाहीं. तें गंगेच्या वाळूंतच खुलतें; अंगणांत आणूं गेल्यास मुळांनीं फरश्या उचलील.

गंगाखेड हें संत जनाबाईचें जन्मगांव. नदीकांठीं तिचें मंदिर आहे. दमा आणि करुंड यांची ही मुलगी लहानपणींच पंढरीस नामदेवाच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरीं राहिली, आणि तेथें दळणकांडण करतां करतां तिनें जे अभंग रचले ते मराठींत सातशें वर्षें टिकले. वहिनींनीं तेथें ओटी भरली. आम्ही ओसरीवर बसून नदी पाहत होतों. मग तेथून जुन्या वाड्याकडे गेलों.

वाड्याचे मालक शेतकरी गृहस्थ; आमची मुद्दाम वाट पाहत होते. बैठकींत चहा आला, इकडचें तिकडचें बोलणें झालें, आणि पुतण्यानें हिरवळीची गोष्ट काढली. तिचे चौकोन फुटाच्या भावानें मिळतात असेंही सांगितलें. गृहस्थांनीं बशी खालीं ठेवली. "हराळी? इकत? अवो मास्तर, यांना आमच्या वावरात धाडा. दोन गाड्या भरून देतो, वर जेवून जा म्हनतो!" मग गंभीर होऊन ते म्हणाले कीं त्यांच्या वडिलांनीं तीन एकरांतली हराळी आणि कुंदा काढण्यासाठीं दोन उन्हाळे घातले, खोल नांगरट करून ढेकळें वैशाखाच्या उन्हांत पालथीं टाकलीं, घरच्या सगळ्यांनीं वांकून वांकून मुळ्या वेंचल्या आणि बांधावर जाळल्या. तिसऱ्या पावसाळ्यांत ती एका कोपऱ्यांतून पुन्हां आली. आतां ते तणनाशक मारतात, आणि तरीही ती येते. पुतण्या ऐकत होता. कागदावरचा हिशेब त्याला पटला होता, पण त्या गृहस्थांच्या हाताला पडलेले घट्टे पाहून त्याचा चेहरा जसा झाला तसा माझ्या पाटीपुढें झाला नव्हता, असें आम्हांस वाटलें.

वहिनी तोंवर चौकांत गेल्या होत्या. आम्ही मागून गेलों तों त्या वृंदावनापाशीं उभ्या होत्या. वृंदावन होतें तसेंच होतें. परंतु त्याच्या कोनाड्यांत ताज्या तेलाचा डाग होता, वात अर्धी जळलेली होती, दगडावर हळदकुंकू होतें, आणि तुळस हिरवीगार, खुडून खुडून गोल झालेली होती. गृहस्थांच्या मातोश्री, ऐंशीच्या घरांतल्या, काठी टेंकीत आल्या. "बाई, तुमचीच हाय ती. न्या. म्या आपला दिवा लावते रोज, रिकामं दिसू नये म्हनून." त्यांनीं हें अगदीं साधेपणानें म्हटलें आणि त्या पायरीवर बसल्या. बाहेर टेंपो येऊन थांबल्याचा आवाज झाला.

वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं वृंदावनाला नमस्कार केला, त्या म्हाताऱ्या बाईंच्या पायांना हात लावला, आणि म्हणाल्या, "असूं द्या. इथेंच बरी आहे ती." वाळलेल्या चारपांच मंजिऱ्या खुडून त्यांनीं पदराच्या टोंकाला गांठ मारली. टेंपोवाल्याला रिकामा परत पाठविला. भाडें अर्थात् द्यावें लागलें. परततांना गाडींत पुतण्या आईला म्हणाला, "वृंदावन आपण बांधूं. मध्येंच बांधूं." वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या, त्यांनीं मान हालविली.

परभणीस आणखी चार दिवस राहिलों. रोज सकाळीं कृषि विद्यापीठाच्या आवारांतून फिरावयास जात असूं. १८ मे १९७२ रोजीं, म्हणजे त्या मोठ्या दुष्काळाच्या सालीं, हें मराठवाडा कृषि विद्यापीठ स्थापन झालें. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचें नांव आहे. घरोघर लावतात ती "परभणी क्रांती" भेंडी येथलीच. पिवळ्या शिरांच्या रोगाला दाद न देणारी म्हणून तिचा लौकिक झाला. काळ्या मातीशीं भांडून नव्हे, तिच्या कलानें घेऊन काय पिकतें हें पाहणारी अशी संस्था गांवांत असतां गांवच्या अंगणांनीं इंग्लंडाकडे पाहावें याचें आम्हांस नवल वाटतें. फिरतां फिरतां आमच्या मनांत तिसरें एक गवत येऊं लागलें, आणि त्यानें आमचा निवाडा पुरा केला. तें म्हणजे वाळा.

वाळा गवतच आहे, आणि सुगंधीही आहे. फक्त त्याचा सुगंध पानांत नसून मुळांत आहे. अमरकोशकारानें गवताला वीरण आणि त्याच्या मुळाला उशीर अशीं निराळीं नांवें दिलीं आहेत, आणि उशिराच्या नांवांत सेव्य व जलाशय हींही आहेत. शाकुंतलाच्या तिसऱ्या अंकांत शकुंतलेच्या तापावर लावावयास नेतात तो लेप उशिराचाच. निजामी अमदानींत उन्हाळ्यांत कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत, आणि आंत येणारी झळ थंड सुगंधी होऊन येई. हिरवळीहून वाळ्याचा मोठा गुण असा कीं तो आडवा पसरत नाहीं. त्याचीं मुळें सरळ खालीं जातात, दोनतीन मीटरही जातात, आणि जमिनीला पडणाऱ्या भेगांतून ओल शोधीत राहतात. म्हैसुराकडील शेतकरी फार पूर्वींपासून त्याचे बांध लावीत. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफील्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ या शेतीतज्ज्ञांनीं भारतांत काम करतांना माती धरून ठेवण्याच्या या उपायाचा हिरिरीनें पुरस्कार केला, आणि तो पुष्कळ देशांत गेला. छातीइतकें उंच, कमानीसारखें वळणारें त्याचें बेट दिसावयासही सुरेख असतें.

अंगणाची वांटणी मग अशी ठरली. मध्यभागीं विटांचें वृंदावन, तीन फूट उंच, तळाशीं छिद्र. आंत खालीं विटांचे तुकडे, त्यावर मुरूम, वर निम्मी काळी माती आणि निम्मी गंगेची वाळू, शेणखत मिसळून. वृंदावनाभोंवतीं शहाबादी फरशी, म्हणजे आषाढांत चिखल नाहीं आणि रांगोळीला जागा आहे. सूनबाईंना हिरवळ मिळाली, परंतु न्हाणीचें पाणी जेथून जातें त्या बाजूला, सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब. तिला पुन्हां हिशेब लावला तर रोज सुमारें ५५ लिटर. चौघांच्या आंघोळीच्या पाण्यांत तें सहज भागतें, नव्या पाण्याचा थेंब नको. या पट्ट्याच्या तिन्ही कडांना शहाबादी फरशीच्या कापट्या फूटभर खोल उभ्या पुराव्या असा आम्हीं हट्ट धरला, आणि ज्या कोणास अंगणांत हरळी लावावयाची असेल त्यानें हें काम टाळूं नये असें आमचें सांगणें आहे. विटांच्या सांध्यांतून ती वाट काढते. उरलेली कुंपणाकडची कड वाळ्याला.

वैशाखांत आम्ही पुन्हां परभणीस गेलों. बोअरचें पाणी निम्म्यावर आलें होतें. हरळीचा पट्टा आंघोळीच्या पाण्यावर जगला होता, परंतु हिरवा कमी आणि पिंगट जास्त. सूनबाई तक्रार करीत नव्हत्या, मुलें संध्याकाळीं त्यावरच लोळत होतीं. वहिनींनीं मंजिऱ्यांचें बी फाल्गुनांत राखेंत चोळून पेरलें होतें. वीतभर झालेल्या पांच रोपांतून दोन राखून बाकीचीं त्यांनीं शेजारणींना दिलीं. त्या दोघींच्या डोक्यावर तिकाटणें उभारून मडक्याची गळती बांधली होती, दर्भाच्या काडीवरून थेंब थेंब पाणी मुळाशीं पडत होतें. १९६५ सालीं इस्रायलांत ठिबक सिंचनाचा कारखाना निघाला तेव्हां जगानें त्याचें नवल केलें, आणि तें नवल योग्यच होतें, कारण त्यांनीं तें शेताला लावलें. पण वैशाखांत तुळशीवर गळती धरणारी बाई तें तत्त्व जाणत नव्हती असें नाहीं.

मृगाचा पाऊस आठवडाभर उशीरा आला. तिसऱ्या दिवशीं सूनबाईंचा फोन, कीं पिंगट पट्टा एका रात्रींत हिरवा झाला. अनंता नांवाला जागली. त्याच पावसांत पुतण्यानें वाळ्याचे पंधरा ठोंब कुंपणाकडेला लावले. श्रावणअखेर त्यांतले तेरा धरले होते. मुळें खणून काढावयाचीं तर निदान दीड वर्ष थांबावें लागतें, आणि सगळीं बेटें एकदम खणूं नयेत, एकाआड एक खणावीं. तोंवर येत्या उन्हाळ्यांत माठांत टाकावयास बाजारांतूनच वाळ्याची जुडी आणावयाची आहे.